फोटो गावातच राहू द्या, मोजणारा पाठवा: फिरत्या एजंटचा एक कापूस हंगाम

फिरता सॉफ्टवेअर एजंट म्हणजे असा प्रोग्राम, जो एका संगणकावर चालता चालता थांबतो, आपला कोड आणि आपली आतली स्थिती बांधून घेतो, दुसऱ्या संगणकावर जातो आणि तिथे पुढचं काम करतो. १९९४ च्या सुमारास जनरल मॅजिक कंपनीच्या टेलिस्क्रिप्टपासून ही कल्पना गाजली. पुढे आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेत जावा या प्रोग्रामिंग भाषेवर असे एजंट चालवणारं 'अॅगलेट्स' तयार झालं, आणि इटलीत टेलिकॉम इटालियाच्या प्रयोगशाळेतून त्याच कामाचं 'जेड' आलं. पुस्तकात हे वाचायला सोपं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या चार गावांत ते चालतं करायला जून ते नोव्हेंबर २०२५ असे सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांचा हा हिशेब आहे, अडचणींसकट.

काम असं होतं. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीसाठी गावागावांत कामगंध सापळे लावतात. त्यातल्या गॉसिप्ल्यूरच्या वासाने नर पतंग येतात. सलग ३ रात्री सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात आणि मग हिरवी बोंडं फोडून बघायची असतात. आमच्याकडे दर गावात १२ डेल्टा सापळे, आत चिकट पत्रक. बचत गटातल्या ताई रोज सकाळी प्रत्येक पत्रकाचा फोटो काढतात. एक फोटो साधारण ३ एमबी, म्हणजे गावाचे ३६ आणि चार गावांचे १४४ एमबी रोज. मोजणी शेतकरी उत्पादक कंपनीच्या तालुक्यातल्या कार्यालयात व्हायची होती. एका गावात सिमला रेंज आहे पण दुपारी जाते, दोन गावांत विजेची लाइन कधीही जाते, आणि चौथं गाव खोलगट भागात असल्याने तिथे रेंजच नाही. तिथून रोज ३६ एमबी बाहेर काढणं होत नव्हतं.

मोजणाऱ्या प्रोग्रामची जार फाइल, म्हणजे बांधलेला जावा कोड, मात्र ३८ केबी भरते. म्हणून फोटो जागेवर ठेवून मोजणाराच गावात पाठवायचा, असं ठरलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. मोजणीचा नियम हंगामात सारखा बदलतो. पावसाळ्यात पत्रकावर चिखलाचे शिंतोडे असतात, ऑक्टोबरात धूळ. नियम बदलला की चार गावं फिरायची, हे टाळायचं होतं. तुमच्या गावात तीनच सापळे असतील तर यातलं काहीही करू नका. ताईंनी मोजून व्हॉट्सअॅपवर आकडा टाकला तरी पुरतो.

सुरुवात कागदांपासून झाली. संगणक ग्रामपंचायत कार्यालयात ठेवायचे, तर मासिक सभेचा ठराव लागतो. १० जूनला चारही ठिकाणी अर्ज दिले. अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. एका ठिकाणी अर्ज सापडत नव्हता, तेव्हा तो क्रमांक दाखवल्यावर पाच मिनिटांत सापडला. तीन गावांत जूनच्या सभेत विषय मंजूर झाला. चौथ्या गावी गणपूर्ती झाली नाही, विषय जुलैच्या सभेत गेला आणि ठरावाची नक्कल हातात यायला ३० जुलै उजाडला. विजेचं बिल कोण भरणार हा प्रश्न चारही सभांत आला, म्हणून उत्तर अर्जातच लिहून टाका: रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक सरासरी ६ वॅट घेतो, राउटर १० वॅट, मिळून महिन्याला साडेअकरा युनिट. हा आकडा लेखी दिला की चर्चा लवकर आटोपते. शेतकऱ्यांची संमतीपत्रं साध्या कागदावर चालली. फोटोच्या नावात सातबाऱ्याचा गट क्रमांक न टाकता फक्त सापळ्याचा क्रमांक टाकायचा, ही अट आम्ही स्वतःच घालून घेतली.

खर्च एका गावाचा असा: पाय ४ (२ जीबी) ४,८०० रुपये, अडॅप्टर ७५०, जास्त लिखाण सोसणारं मेमरी कार्ड ९००, छोटा डीसी यूपीएस १,६००, घड्याळाचं मॉड्यूल २२०, डबा आणि वायरी ४००, सिमचा राउटर २,३००. बेरीज १०,९७०. चौथ्या गावाला राउटर लागला नाही, तो संच ८,६७० चा झाला. शिवाय तालुक्याच्या कार्यालयासाठी भाड्याचा एक छोटा सर्व्हर, महिना ५०० रुपये.

जूनमध्येच टेबलावर जेड सुरू केलं. एका लॅपटॉपवर मेन कंटेनर (एजंटांचं मुख्य घर), दुसऱ्यावर साधा कंटेनर, आणि एजंट इकडून तिकडे. घरच्या वायफायवर पहिल्या संध्याकाळी एजंट गेला, तेव्हा काम जवळजवळ झालं असं वाटलं. तिथून पुढचे कितीतरी आठवडे अडखळण्यात गेले. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी अडखळण्याच्या जागा सविस्तर सांगतो.

पहिली जागा पत्त्याची. डेबियन लिनक्सच्या होस्ट्स फाइलमध्ये यंत्राच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहिलेलं असतं. जेड तोच पत्ता आपला म्हणून दुसऱ्याला सांगतं, आणि दुसरा त्यावर बोलायला गेला की स्वतःशीच बोलतो. लोकल-होस्ट हा पर्याय देऊन खरा पत्ता सांगावा लागतो. सिमवर गेल्यावर तेही पुरेना. मोबाइल कंपन्या ग्राहकाला बहुतेक वेळा खासगी पत्ता देतात, बाहेरून त्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही. जेडमध्ये यंत्रांना एकमेकांशी बोलवणारं आरएमआय दोन्ही बाजूंनी जोडणी उघडतं, त्यामुळे १०९९ पोर्ट उघडा ठेवूनही परतीची वाट बंदच. उपाय वायरगार्डचा, म्हणजे यंत्रांमधल्या खासगी बोगद्याचा (व्हीपीएन): सर्व्हरवर यूडीपी ५१८२० उघडा, गावाच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवा, आणि जेडला बोगद्यातला पत्ता द्या.

दुसरी जागा जाण्याच्या आज्ञेची. जेडमध्ये 'डूमूव्ह' म्हटलं की एजंट त्याच क्षणी जात नाही. फक्त त्याची अवस्था 'प्रवासात' अशी बदलते, प्रत्यक्ष स्थलांतर नंतर होतं. त्या ओळीखालचा कोड जुन्याच यंत्रावर चालतो. आमच्याकडे खाली 'काम झालं, तात्पुरत्या फाइली पुसा' अशी ओळ होती. एजंट पोचायच्या आधीच फाइली पुसल्या जायच्या. जायच्या आधीची आवराआवर 'बीफोरमूव्ह' मध्ये आणि पोचल्यावरची मांडामांड 'आफ्टरमूव्ह' मध्येच लिहा.

तिसरी जागा ओझ्याची, आणि ही सगळ्यात फसवी. जावाच्या धाग्याचा स्टॅक, म्हणजे काम नेमकं कुठवर आलं याची नोंद, उचलून नेता येत नाही, म्हणून जेड किंवा अॅगलेट्समध्ये एजंटच्या वस्तूमधली फील्डं (आत साठवलेली मूल्यं) तेवढी सिरियलाइझ होऊन, म्हणजे बाइटच्या रांगेत बदलून, जातात. याला दुर्बळ स्थलांतर म्हणतात. फील्डमध्ये बफर्डइमेज (जावातली चित्राची वस्तू) राहिली तर लगेच चूक येते, कारण ती सिरियलाइझ होत नाही. चूक दिसते, आपण दुरुस्त करतो. पण फोटो बाइटच्या अॅरेत वाचून फील्डमध्ये ठेवला, तर तो गुपचूप सोबत जातो. फोटो मागे ठेवायचे म्हणून एजंट केला, आणि गावाचे ३६ एमबी पाठीवर घेऊन तो परत निघाला, असं आमच्याकडे झालं. रेंज कमी असल्याने तो अर्ध्यात अडकायचा, आणि आठवडाभर आम्ही सिमला दोष देत होतो. सोबत न्यायची नाहीत ती सगळी फील्डं 'ट्रान्झियंट' करा, आणि निघण्याआधी एजंटचं वजन बाइटमध्ये लॉगमध्ये छापा. ती एक ओळ असती तर आठवडा वाचला असता.

ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या लायब्ररीबद्दलही हेच. त्याची 'मॅट' वस्तू जावाच्या बाहेरच्या स्मृतीकडे बोट दाखवते, ती नेता येत नाही. शिवाय त्याची नेटिव्ह लायब्ररी प्रत्येक यंत्रावर आधी बसवलेली हवी, एजंटसोबत ती जात नाही. शेवटी राखाडी रूपांतर, ओत्सूची उंबरठा-पद्धत (गडद आणि फिकट भाग वेगळे करणारी) आणि जोडलेले ठिपके मोजणं हे साध्या जावात लिहिलं. दोनशे-अडीचशे ओळींत बसतं, पाय ४ ला १२ फोटो जड जात नाहीत.

चौथ्या जागेवर मात्र जेड सोडावं लागलं. पोळ्याचा आठवडा होता. दोन गावांत लाइन जाऊन-येऊन होती, आणि मेन कंटेनर दर थोड्या वेळाने त्या कंटेनरांना मेलेलं समजून यादीतून काढत होता. जेडची नेहमीची देखरेख सतत उघड्या जोडणीवर चालते. यूडीपीवरची देखरेख लावली तर सेकंदांचे खंड निभतात, पण आमच्याकडे खंड तासांचे होते. एका सकाळी चारपैकी एकच एजंट परत आला आणि बाकीचे तीन कुठे आहेत हे कुठल्याच लॉगवरून कळेना, तेव्हा सगळं सोडून द्यावं असं वाटलं होतं. जेड वाईट नाही. एका इमारतीत, सतत चालू असलेल्या जाळ्यावर ते आजही चांगलं चालतं. आमच्या गावांची अट वेगळी होती: समोरचं यंत्र आत्ता जागं नसेल, तरी निघालेल्याने वाटेत थांबून राहिलं पाहिजे.

म्हणून ऑगस्टअखेर स्वतःचा छोटा वाहक लिहिला. एजंट म्हणजे एक गाठोडं. त्यात कोडची जार, जेसन या मजकुराच्या स्वरूपातली स्थिती, पुढच्या मुक्कामांची यादी, एजंटचा क्रमांक, टप्प्याचा क्रमांक आणि सही. प्रत्येक यंत्रावर 'आवक', 'चालू' आणि 'जावक' अशा तीन फोल्डर. ग्रामपंचायतीतल्या नोंदवह्यांवरूनच ही नावं घेतली. जावकातलं गाठोडं आरसिंक हा फाइली पाठवणारा प्रोग्राम दर १० मिनिटांनी पुढच्या यंत्राकडे ढकलायला बघतं. यश आलं नाही तर गाठोडं तिथेच राहतं. अर्धवट आलेली फाइल चुकून चालू नये, म्हणून ती आधी तात्पुरत्या नावाने उतरते, डिस्कवर पक्की होते, आणि मग एकाच फाइलप्रणालीत नाव बदलून आवकात येते. नाव बदलणं एकतर पूर्ण होतं किंवा होतच नाही.

या सगळ्यातला खरा कठीण भाग पोचपावतीचा आहे. गाठोडं पोचलं, पण पोचपावती वाटेत हरवली, तर पाठवणाऱ्याला काय समजावं? पुन्हा पाठवलं तर एकाचे दोन एजंट होतात, पुसलं तर कदाचित एकही उरत नाही. संगणकशास्त्रातला दोन सेनापतींचा जुना प्रश्न तो हाच, आणि कितीही पोचपावत्या वाढवल्या तरी तो पूर्ण सुटत नाही. व्यवहारात दोन नियम पाळले की भागतं. पावती आल्याशिवाय जावकातली प्रत पुसायची नाही. आणि घेणाऱ्याने एजंट क्रमांक व टप्पा क्रमांक यांची जोडी नोंदवून ठेवायची, तीच जोडी पुन्हा आली की गाठोडं न चालवता फक्त पावती परत द्यायची. हे लिहिल्यापासून एकही एजंट हरवला नाही आणि कुठल्याच सापळ्याची मोजणी दोनदा धरली गेली नाही.

यंत्र बसवताना एका ताईंनी विचारलं होतं, "भाऊ, मोजता मोजता लाइन गेली तं थे इसरन का?" आराखड्यातला नेमका प्रश्न तो होता. प्रत्येक फोटो मोजून झाला की निकाल लगेच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहायचा, व्यवहार पक्का करायचा, मग पुढचा फोटो. त्याची वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची) वापरत असाल तर सिंक्रोनस 'फुल' ठेवा. 'नॉर्मल' मध्ये फाइल बिघडत नाही, पण लाइन गेल्यावर शेवटच्या नोंदी जाऊ शकतात. उठल्यावर एजंट पहिल्या न मोजलेल्या फोटोपासून सुरू होतो.

लाइनीचा दुसरा फटका घड्याळाला बसला. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. बंद होण्यापूर्वी नोंदवलेल्या वेळेपासून ते पुढे मोजतं, इंटरनेट मिळालं की दुरुस्त होतं. रात्रभर लाइन नसेल आणि सकाळी नेटही नसेल, तर आजच्या फोटोंवर कालची तारीख पडते आणि 'सलग ३ रात्री' हा हिशेबच मोडतो. त्यात वायरगार्ड. हस्तांदोलनात, म्हणजे जोडणी जुळवताना, त्याचा वेळेचा शिक्का मागच्यापेक्षा पुढचा लागतो, घड्याळ मागे गेलं की समोरचा ते नाकारतो. सगळी रहदारी बोगद्यातून नेली असेल तर वेळ दुरुस्त करायलाही बोगदा लागतो आणि बोगद्याला बरोबर वेळ, म्हणजे पूर्ण कोंडी. एक गाव दोन दिवस असं अडकलं. बोगद्यातून फक्त आपल्या यंत्रांचे पत्ते न्या, आणि डीएस३२३१ घड्याळ लावा. चार पिना, आयटूसी जोडणी चालू, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ, बटण सेल सीआर२०३२. २२० रुपयांची ही वस्तू पहिल्या दिवशीच घ्यायला हवी होती.

सुरक्षेकडे काणाडोळा करू नका. सही पडताळल्याशिवाय कोणतंही गाठोडं चालवायचं नाही. किल्ल्यांची जोडी ईडी२५५१९ या सहीच्या पद्धतीची, जारवर सही करणारी खासगी किल्ली फक्त तालुक्याच्या एका यंत्रावर. स्थिती वाटेत बदलते, म्हणून तिची सही प्रत्येक यंत्र आपल्या किल्लीने करतं, जारची सही मात्र मूळचीच राहते. जुन्या लेखांत जावाच्या सिक्युरिटी मॅनेजरवर (कोडला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या भागावर) भिस्त ठेवलेली दिसेल. तो जावा १७ मध्ये मोडीत काढायचं जाहीर झालं आणि जावा २४ पासून तो कायमचा बंद आहे. आता कुंपण ऑपरेटिंग सिस्टिमचं लागतं: वेगळा वापरकर्ता, लिनक्सच्या सिस्टिमडीमधून स्मृती ३०० एमबीपर्यंत, वेळ १० मिनिटांपर्यंत, नेटवर्क बंद, फोटोंचं फोल्डर फक्त वाचायला. एजंटला नेटवर्क लागतच नाही, त्याला नेणारा वाहक वेगळा आहे.

मुक्कामांच्या यादीबद्दल एक गणित. पुस्तकांत एजंट अ, ब, क, ड असा फेरा मारून येतो. एक गाव सकाळी जागं असण्याची शक्यता ८० टक्के धरली, तर चारही एकाच वेळी जागी असण्याची ०.८ चा चौथा घात, म्हणजे ४१ टक्के. रांगेत फिरणारा एजंट निम्म्याहून जास्त दिवशी कुठेतरी अडकून राहणार. आम्ही फेरा सोडून प्रत्येक गावासाठी एक जुळा एजंट सोडतो. एक गाव झोपलं तर एकाच गावाचा निकाल उशिरा येतो.

मोजणीचं थोडक्यात. फोटो काढायला लाकडी चौकट केली, फोन ३० सेंटीमीटर उंचीवर, पत्रकाच्या कडेला १० सेंटीमीटर अंतरावर दोन काळे ठिपके. त्यावरून एजंट मिलिमीटरचं माप काढतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग लहान, ८-९ मिलिमीटर लांबीचा, त्यामुळे माश्या-चिलटं आकारावरून गळतात. चिकटून बसलेले दोन पतंग एकच ठिपका दिसतात, तिथे क्षेत्रफळाला सरासरी पतंगाने भागतो. पत्रकावर जुने पतंग राहतात, म्हणून आजच्या संख्येतून कालची वजा. उत्तर ऋण आलं तर पत्रक बदललं असं समजून आजचीच संख्या धरायची. सप्टेंबरात चिखलाचे शिंतोडे पतंग म्हणून मोजले जात होते. कालच्या फोटोशी तुलना करणारी दुसरी आवृत्ती लिहिली, जारवर सही केली, सकाळी सोडली. संध्याकाळपर्यंत तीन गावांत ती चालत होती. स्थितीच्या जेसनमध्ये आवृत्तीचा आकडा ठेवा, नाहीतर नवा कोड जुनी स्थिती वाचून चुकीची वजाबाकी करतो. दर पंधरवड्याला काही फोटो हाताने मोजून ताळा घ्या. आमचा फरक ऑक्टोबरात सापळ्यामागे एखाद-दोन पतंगांवर आला.

चौथ्या गावाचं उत्तर दुधाच्या गाडीत सापडलं. ती रोज पहाटे त्या गावातून निघते आणि रेंज असलेल्या गावातल्या संकलन केंद्रावर थांबते, संध्याकाळी परत जाते. गाठोडं फोल्डरातून फोल्डरात जातं, त्याला वायर लागत नाही. म्हणून दोन पेनड्राइव्ह घेतले, निळा गावात जायचा आणि पांढरा गावातून यायचा. यंत्राला पेनड्राइव्ह लावला की आवक-जावक आपोआप होते. पेनड्राइव्हच्या फॅट प्रणालीवर नाव बदलण्याचा भरवसा नाही, म्हणून सगळ्यात शेवटी शा-२५६ बेरजांची, म्हणजे फाइल अख्खी आहे का ते सांगणाऱ्या आकड्यांची, यादी लिहितो. यादी नसेल किंवा बेरीज जुळली नाही, तर गाठोडं नाकारायचं. घाईत पेनड्राइव्ह उपसला जातो, हे पहिल्याच आठवड्यात दोनदा झालं. मग पायचा हिरवा दिवा कामाला लावला: लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही, स्थिर झाला की काढायचा. भिंतीवर तेवढंच मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यानंतर एकही गाठोडं नाकारलं गेलं नाही. निकाल एक दिवस उशिरा येतो, एवढं मान्य करावं लागलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच गावाचा पांढरा पेनड्राइव्ह आला. सापळा ७: ९, ११, १४. सापळा ८: ८, ८, १२. लागोपाठ तीन रात्री. सर्व्हरने संदेश तयार केला आणि तो चिठ्ठीसारखा त्याच संध्याकाळी निळ्या पेनड्राइव्हमधून परत गेला, सोबत गाडीवाल्या दादांच्या हाती कागदावर लिहूनही दिला. सकाळी ताईंनी त्या दोन सापळ्यांभोवतीच्या शेतांतून प्रत्येकी २० हिरवी बोंडं तोडून फोडली. एका शेतात २० पैकी ३ बोंडांत अळी निघाली. १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली होती, फवारणीचा निर्णय त्याच दिवशी झाला. दुसऱ्या शेतात एकच निघाली, तिथे थांबायचं ठरलं.

पऱ्हाटी उपटायला सुरुवात झाली तसे सापळे काढले. पाय, यूपीएस आणि राउटर पुसून डब्यात भरले, कार्डांच्या प्रती घेऊन ठेवल्या. ठरावांची मुदत ३१ मार्चपर्यंत होती. मुदतवाढीचे चार अर्ज १ डिसेंबरला दिले, चारही प्रतींवर आवक क्रमांक घेतला.